ओढून बघायची चाचणी

काशीगावला हायवेच्या तोंडावर उभ्या राहिलेल्या चार मजली इमारतीच्या दर्शनी काचा धनेशच्या हाटकेशमधल्या कारखान्याच्या गाळ्यात तयार झाल्या होत्या. आज पाचला उद्घाटन. त्याच काचांच्या पायथ्याशी मंडप घातला होता, खुर्च्या भरत चालल्या होत्या. आणि चार वाजता बिल्डरची सल्लागार रुचिता तिसऱ्या मजल्यावर ब्लेड घेऊन उभी!

"स्पेसिफिकेशनमध्ये लिहिलंय, लावलेलं एक तरी पॅनेल कापून बघायचं. तुम्ही नुसते नमुन्याचे तुकडे दाखवलेत."

"बघा ना मॅडम, बिनधास्त बघा," धनेश म्हणाला. बाईंना पुस्तकाबाहेर जगच नाही, हे मनातल्या मनात.

या काचांना स्क्रू नसतो. अॅल्युमिनियमच्या चौकटीवर काच सिलिकॉनने चिकटवायची, सगळा भार त्या काळ्या पट्टीवर. पट्टी कापून ओढली तर ती मधूनच तुटायला हवी. धातूपासून सुटली, की काम नापास.

रुचिताने खिडकीसारखं उघडणारं एक पॅनेल उघडलं, पट्टीला चीर दिली आणि टोक धरून ओढलं. उकडलेल्या बटाट्याची साल निघावी तशी पट्टी सरसर निघून आली. खाली धातूवर पिवळट, तेलकट फराटा.

"हे काय?"

काय ते धनेशला पुरतं ठाऊक होतं. दसऱ्याला त्याची आई सावित्रीबाई गाळ्यात हत्यारं पुजायला आली होती. चौकटी धुऊनपुसून मांडलेल्या दिसल्या, तशी तिने तेलात कालवलेली हळद त्यांनाही बोट बोट लावली. आईचा हात कोण धरणार? मग धनेशनेच एक फडकं घेतलं आणि सगळ्या चौकटी त्याच फडक्याने पुसून काढल्या. हळद गेली कुठे? चारी बाजूंना पसरली. तेलकटपणा काढणाऱ्या सॉल्व्हंटने पुन्हा धुवा, दर वेळी कोरं फडकं घ्या, असा नियम होता. पण सिलिकॉन मुहूर्तावर भरायचं होतं. शहाण्याने नियम गुंडाळून ठेवला!

"धूळ असेल," त्याच्या तोंडून निघून गेलं. "या एकाच पॅनेलला."

रुचिताने त्याच्याकडे रोखून पाहिलं. "चौकटी तुमच्या गाळ्यात भरल्यात. मी तिथे नव्हते. तुम्ही सांगाल ते लिहीन."

धनेश कोपऱ्यात गेला. त्याने आईला फोन लावला.

"आई, दसऱ्याला किती चौकटींना हळद लावलीस?"

"सगल्यांना. येक पन न्हाय सोरली. का रं?" मागे सनई वाजत होती. "मी खालीच हाय, मंडपात. पयली खुर्ची दिली मला. तुजी आय म्हनून."

त्याने खाली वाकून पाहिलं. खाडीकडून वारा सुटला होता. एवढ्यात शेजारच्या पॅनेलमधून बारीक करकर ऐकू आली. बोललो तर उद्या मीरा-भाईंदरमध्ये कोणी दारात उभं करणार नाही. आणि नाही बोललो तर?

"सगळीच पॅनेलं तशी आहेत, लिहा," तो ओरडला आणि जिन्याने धावत सुटला.

"उठा! मागे सरका सगळे!" मंडपात शिरताच त्याने हाका घातल्या.

पुढच्या खुर्च्यांवरच्या बायका गडबडून उठल्या. सावित्रीबाई मात्र हसली. "बसा गं. माज्या पोराची काच हाय. काय व्हनार न्हाय." बायका पुन्हा बसल्या.

धनेशने माइक हिसकावून घेतला. "काच पडेल! काम कच्चं आहे. मीच केलंय. उठा, पळा!"

एकदम आरडाओरड झाली. खुर्च्या उलथ्यापालथ्या झाल्या, लोक रस्त्याकडे धावले. पहिल्या रांगेत एकटी सावित्रीबाई उरली. रागाने लाल झालेली, जागची न हललेली.

"कोन बोलला तुला कच्चा? दाव मला त्याला!"

धनेशने तिला खुर्चीसकट उचललं आणि रस्त्याकडे पळत सुटला.