सरावाचा चष्मा

आमचे हे बंदरावर क्रेन चालवायचे. उंच केबिनमध्ये बसून जहाजातला कंटेनर असा अलगद उतरवायचे, की खालचे लोक गप्पाही थांबवत नसत. गेल्या वर्षी त्यांचा उजवा हात अधूनमधून थरथरायला लागला. डॉक्टरकडे जायला तयार नाहीत. म्हणे, निदान झालं की कंपनीला कळणार आणि मी घरी बसणार.

तेवढ्यात कंपनीनं फर्मान काढलं, की आता सगळ्यांची परीक्षा त्या डोळ्यांवरच्या मोठ्या चष्म्यात होणार. तो घातला की समोर हुबेहूब बंदर दिसतं. सरावासाठी एकेक चष्मा घरी दिला. माझे धाकटे दीर मोबाईलच्या दुकानात असतात, त्यामुळे त्यांना सगळं ठाऊक असतं, विचारलेलं सोडून. त्यांनीच तो सुरू करून दिला, येईल तिथं 'मान्य आहे' दाबलं आणि म्हणाले, "वहिनी, सराव कोण बघतंय? शाळेत रफ वही तपासायचे का?"

आम्हाला पटलं. ज्या दिवशी हात जास्त थरथरे, त्या संध्याकाळी हे चष्मा चढवून दमेपर्यंत हवेत कंटेनर उचलत. मी मागे उभी राहून कोपराला आधार देई. हात शांत असला की चष्म्याला सुट्टी. बरं असताना कशाला उगाच, असं मीच म्हणायची.

परीक्षेत हे पैकीच्या पैकी मार्कांनी पास झाले. मला तर रडूच आलं. आठवड्यानं ऑफिसातून बोलावणं आलं, तेव्हा शाबासकी असेल म्हणून मीही सोबत गेले.

तिथली मॅडम आमच्या मुलीच्या वयाची, बोलायला गोड. "काका, परीक्षा छान झाली," म्हणाली आणि तिनं स्क्रीन आमच्याकडे वळवला. चष्म्यानं टिपलेली आमच्या घरातली एकेक संध्याकाळ तिथं हाताच्या थरथरीच्या वेड्यावाकड्या रेघांनी भरली होती. कसला आजार असावा, तेही खाली लिहिलं होतं. विमा कंपनीला ते आधीच गेलं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते आम्ही रोज नेमानं केलं होतं.

"पण माझे चांगले दिवसही असतात," हे म्हणाले. "तेच जास्त असतात."

"त्या दिवशी तुम्ही चष्मा घातलेलाच नाही, काका."

मला इतका संताप आला, की दिरांना तिथल्या तिथं फोन करून झापावंसं वाटलं. हे मात्र शांतपणे उठले. टेबलावरचा पाण्याचा ग्लास काठोकाठ भरला आणि उजव्या हातानं उचलून तिच्यासमोर धरला. बराच वेळ धरला. एक थेंब सांडला नाही.

"बघ ना गं," मी म्हटलं. "तूच बघ."

तिनं बघितलं. डोळे भरून आले तिचे, खोटं कशाला बोलू.

"काकू," ती म्हणाली, "मी बघून काय होणार?"