रबरी चाकूची तक्रार

मित्रांनो, घाबरू नका. मी चाकू आहे खरा, पण रबराचा, आणि आता चांगलाच जुना झालेला. उभ्या आयुष्यात मी साधी काकडीसुद्धा कापलेली नाही. माझी मूठ झिजून गुळगुळीत झाली आहे आणि टोक एका बाजूला वाकलं आहे. तरीही आज तोंड उघडतो आहे, कारण ज्या माणसावर मी जीव टाकला, त्यानंच मला दगा दिला.

माझा जन्म कारखान्यातल्या एका साच्यात झाला. शेजारच्या साच्यातून सिंकची बुचं निघत. ती मला "काय शूरवीर, लढाई कधी?" म्हणून चिडवायची. पुढे स्वसंरक्षण शिकवणाऱ्या एका सरांनी मला विकत घेतलं आणि त्यांच्या क्लासमध्ये आणलं. टायरच्या दुकानावरचा तो हॉल, जिन्यात बुटांचा ढीग, जमिनीवर निळ्या गाद्या आणि एका भिंतीभर आरसा. मला जागा फार आवडली.

सर तेव्हा फार सरळ माणूस होते. लांबून तायक्वांदोची लाथ, जवळून कराटेचा ठोसा, अंगाला भिडलं की ज्युदोची पकड, असं सगळं ते मनापासून शिकवत. पण मला हातात घेतलं की म्हणत, "यातली एकही कला तुमची कातडी जाड करत नाही, हे लक्षात ठेवा." मग ते माझ्या धारेला लाल खडू घासत. एकानं मला हातात घेऊन खरोखर तुटून पडायचं आणि दुसऱ्यानं मला काढून घ्यायचं. झालं की दोघांनी आरशासमोर उभं राहायचं. पांढऱ्या गणवेशावर जितक्या लाल रेघा, तितक्या जखमा.

"जिंकलात?" सर विचारत. पोरं खाली मान घालत. "म्हणून हातातलं फेका, ओरडा आणि पळा. पळायला वाटच नसेल, तरच बाकीचं सगळं."

मला तेव्हा स्वतःचा केवढा अभिमान वाटे! मी खोटा चाकू होतो, पण खरं बोलत होतो.

मग रस्त्यापलीकडे नवा क्लास निघाला. तिथे दणदणीत संगीत वाजे आणि जो तो एका गिरकीत चाकू हिसकावून घेई. आमची पोरं तिकडे पळू लागली. त्यातच एक आई डागाळलेला गणवेश घेऊन जिना चढून आली.

"सर, हे डाग काही केल्या निघत नाहीत. आणि पोरगं घरी येऊन सांगतं, आज मी पाच वेळा मेलो! यासाठी पाठवते का मी त्याला?"

सर हसले. पण त्या आठवड्यापासून खडू बंद झाला. आता मला धरणाऱ्यानं हात पुढे करून दिव्याच्या खांबासारखं उभं राहायचं. समोरच्यानं मनगट पिरगाळायचं, मी पडायचं, सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. हॉल पुन्हा भरला. मी मात्र पडून पडून विटलो.

याच दिवसांत एक तरुणी आली. ती चष्म्याच्या दुकानात काम करायची, म्हणून सगळे तिला चष्मेवाली म्हणत. तिळाएवढे स्क्रू चिमटीत धरून बसवणारी तिची बोटं. त्या बोटांनी ती मला असं काही काढून घेई की सर तिलाच पुढे बोलावत. "चाकू काढावा तर हिनं," असं ते सांगत. तिनं लाल खडू कधी पाहिलाच नव्हता.

एका संध्याकाळी दुकानातून घरी जाताना एका माणसानं तिला खरा चाकू दाखवून पिशवी मागितली. पिशवीत रिकामा डबा आणि छत्री. पाठीमागे मोकळा रस्ता. पण तिचा सरांवर विश्वास होता. तिनं त्याचं मनगट धरलं.

जखम भरल्यावर ती क्लासला आली. सर एकटेच गाद्या पुसत होते.

"सर, त्यानं हात मागे ओढला."

सर पुसत राहिले.

"इथं कधीच कुणी हात मागे ओढला नाही, सर."

"तुझाच सराव कमी पडला," सर म्हणाले. "मनगट नीट धरलं नसशील."

हे ऐकून माझ्या अंगाची आग झाली. तिनं उजवा हात पुढे केला. दोन बोटं वाकतच नव्हती.

"मला आता स्क्रू धरता येत नाही. मालकांनी गिऱ्हाइकांना रांगेचे नंबर द्यायला बसवलंय. माझं जाऊ द्या, नव्या मुलांना तरी खरं सांगा."

"सांगतो. पालकांसाठी प्रात्यक्षिक ठेवलंय, त्याला ये, सगळ्यांसमोर सांगतो."

मी वेड्यासारखा त्या दिवसाची वाट पाहत होतो. हॉल पालकांनी खचाखच भरला. सरांनी तिला पुढे बोलावलं, तिचा तोच हात धरून उंच केला आणि म्हणाले, "ही आमची विद्यार्थिनी! खऱ्या चाकूला भिडली आणि जिवंत परत आली!"

"नाही, मला सांगायचंय..." ती म्हणाली. टाळ्यांच्या कडकडाटात तिचं पुढचं कुणाला ऐकूच गेलं नाही. तिनं हात सोडवून घेतला आणि बुटांच्या नाड्या न बांधताच ती जिना उतरून गेली. मित्रांनो, माझ्या सरांनी तिची जखमसुद्धा जाहिरातीला लावली. याहून मोठा दगा कोणता असतो, मला ठाऊक नाही.

त्याच दिवशी एका छोट्या मुलीनं क्लासला नाव घातलं. सरांनी मला तिच्या हातात दिलं आणि एका मोठ्या मुलीसमोर उभं केलं.

"सर, घट्ट धरू की सैल?" तिनं विचारलं.

"सैल धर गं. नाहीतर ताईला काढता कसा येईल?"

सगळे कौतुकानं हसले.

मला पुसा, जपून ठेवा, असलं काही मी मागत नाही. एवढंच सांगतो, कधी माझ्यासारखा कुणी तुमच्या हाती आला, तर घट्ट धरा. समोरच्यानं मनगट पकडलं तर हात मागे ओढा. मैत्रीण रुसली तर रुसू द्या, सर रागावले तर रागावू द्या. ती इथे, गादीवर, माझ्याकडून हरलेली बरी.