विलंबाचे कारण

जन्मनोंदणी कार्यालयातल्या हेडक्लार्कना सगळं गाव पाठीमागे 'शंभरटक्के' म्हणायचं. त्यांना ते ठाऊक होतं, आणि राग येण्याऐवजी मनातून गुदगुल्याच व्हायच्या. गावात मूल जन्मलं आणि त्यांच्या रजिस्टरात आलं नाही, असं गेल्या सहा वर्षांत घडलं नव्हतं. कुणाकडे पाळणा हलल्याची कुणकुण लागली की पंधरवड्याच्या आत स्वारी अर्ज घेऊन दारात हजर. घरात नावावरून वाद चाललाय, तो मिटला की येतो, असं एखादा बाप म्हणाला, तर त्यांचं उत्तर ठरलेलं असे. नावाची जागा कोरी ठेवा, नाव मागाहून भरता येतं. मूल मात्र आधीच येऊन बसलंय. हे वाक्य ते दिवसातून चारदा वापरत आणि दर वेळी नव्याने सुचल्यासारखं तोंड करत.

वर्ष उलटून गेल्यावर येणाऱ्यांसाठी वेगळा, लांबलचक अर्ज होता. त्यात 'विलंबाचे कारण' असा एक रकाना होता. तिथे कुणी 'विसरलो' लिहिलं की शंभरटक्के अर्ज परत सरकवत आणि विचारत, विसरायला ती काय छत्री होती?

यंदा वरून पाहणी आली. पाच वर्षांखालचं मूल असलेल्या प्रत्येक घरी जायचं आणि त्याची नोंद आहे की नाही ते बघायचं. एकही मूल सुटलेलं निघालं नाही, तर कार्यालयाला पितळी फलक मिळणार होता. शिपायाने त्यासाठी हेडक्लार्कच्या खुर्चीमागे खिळासुद्धा ठोकून ठेवला. पाहणीला जाणाऱ्या मुलींना शिकवलं शंभरटक्क्यांनीच. आईबाप म्हणतील, झाली हो नोंद. त्यांच्या शब्दावर जायचं नाही. दाखला डोळ्यांनी बघायचा, मगच खूण करायची. साक्षात मी सांगितलं तरी नाही, असंही ते भरीला म्हणाले होते आणि मुली हसल्या होत्या.

रविवारी सकाळी त्यातलीच एक, चष्मेवाली, त्यांच्या घरी आली. यादीतलं हे शेवटचंच घर. बाकी सगळीकडे 'होय'ची खूण झाली होती. शंभरटक्क्यांची साडेतीन वर्षांची लेक, जिला सगळे मुंगी म्हणत, सुटकेसवर बसून ती घोड्यासारखी हाकत होती. बायकोने चहा ठेवला. चष्मेवालीने ओशाळून दाखला मागितला, आणि शंभरटक्के ऐटीत कपाटाकडे गेले.

कपाटात फाइली ओळीने लावलेल्या होत्या. विजेची बिलं. पंख्याची हमी. बायकोच्या दाढेचा एक्स-रे. मग 'मुंगी' अशी चिठ्ठी लावलेली फाइल. तिच्यात लसीकरणाचं कार्ड होतं आणि त्याखाली एकच कागद. तो दाखला नव्हता. इस्पितळाने कार्यालयाला पाठवायचा जन्माचा अर्ज होता, साडेतीन वर्षांपूर्वीचा, घडीसुद्धा न मोडलेला.

कागद हातात घेताच त्यांना सगळं आठवलं. इस्पितळातून अर्ज दर आठवड्याला थैलीतून यायचे. मुंगीच्या वेळी मात्र नर्स हसून म्हणाली होती, तुमचाच अर्ज, तुमचंच ऑफिस. थैलीत कशाला, हातोहात न्या. त्यांनी नेला. घरात नावावर एकमत होत नव्हतं. आपल्या लेकीची नोंद आणि तिच्यात कोरी जागा, हे काही त्यांच्या हाताला रुचेना. दोन दिवसांत नाव ठरेल, मग सुवाच्य अक्षरात एकदमच भरू, म्हणून त्यांनी कागद जपून ठेवला. नाव ठरलं नाही. मुंगी ही मुंगीच राहिली, आणि कागद इतका जपला गेला की कुणाच्या नजरेसही पडला नाही.

"मिळाला का?" बायकोने चहाचा कप ठेवता ठेवता विचारलं आणि खांद्यावरून डोकावून वाचलं. ती औषधांच्या दुकानात काम करायची. वाकडंतिकडं अक्षर वाचायची तिला सवय होती, इथे तर अक्षर छापील होतं.

"अहो," ती म्हणाली, "गावातली सगळी पोरं धरून आणलीत. ही तेवढी घरात होती, नाही का?"

शंभरटक्क्यांच्या डोळ्यांपुढे मुंगीच्या जन्माच्या वर्षाचं रजिस्टर आलं. त्या तारखेखाली दोन ओळी रिकाम्या असतील का? नसणार. उरलेल्या ओळींवर रोज संध्याकाळी लाल शाईची तिरपी रेघ ते स्वतः मारत, कुणी मागाहून घुसडू नये म्हणून. मग दुसरा विचार आला. दाखला ऑफिसात राहिलाय, एवढंच म्हणायचं. पोरगी संकोची आहे, खूण करून जाईल. खिळा ठोकलेला आहे.

चष्मेवालीला त्यांची अडचण बहुधा कळली. ती हळूच म्हणाली, "सर, तुम्ही नुसतं सांगितलंत तरी मी लिहिते."

या वाक्यावर मात्र शंभरटक्के एकदम मास्तर झाले. "मी काय शिकवलं होतं?"

"साक्षात तुम्ही सांगितलंत तरी नाही."

"मग? 'नाही'वर खूण करा."

तिने केली. पेन्सिलीने केली, म्हणून त्यांनी तिला शाईचं पेन दिलं.

सोमवारी शंभरटक्के खिडकीच्या बाहेरच्या बाजूला, रांगेत पाचवे उभे होते. मुंगी खांद्यावर होती. पुढच्या माणसाने ओळखून जागा देऊ केली. त्यांनी घेतली नाही. आत त्यांचाच मदतनीस कारकून बसला होता. त्याने लांबलचक अर्ज वरून खाली वाचला. नावाची जागा कोरी होती. ती बघून तो गालातल्या गालात हसल्याचं शंभरटक्क्यांना दिसलं.

"साहेब, विलंबाचं कारण राहिलंय," तो अदबीने म्हणाला. "आणि 'विसरलो' चालत नाही. आमचे हेडक्लार्क फार कडक आहेत."

रांगेतले सगळे कान टवकारून उभे राहिले. शंभरटक्क्यांनी मुंगीला खाली उतरवलं, अर्ज खिडकीच्या फळीवर टेकवला आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'मुलीचे वडील याच कार्यालयात हेडक्लार्क आहेत.'

कारकुनाने ते दोनदा वाचलं, आणि कारण पटल्याचा शिक्का मारला.