टुलॉकचा दगड आणि समुद्रात जाणारे चेंडू

पीटर इम्रीचे पत्र मे महिन्यात आले आणि मी त्याला उत्तर दिले नाही. पत्रात एकच प्रश्न होता. "मास्तर, इतकी वर्षं मी तुम्हाला चुकीचं शिकवलं का? तसं असेल तर सांगा, मला राग येणार नाही." मी जे पुस्तक वाचत होतो त्यातच ते पत्र ठेवले, आणि मग ते पुस्तक उघडणेच सोडून दिले.

इम्री आमच्या क्रेगहेवन गावच्या मैदानावर गोल्फ शिकवायचा. मैदानाच्या तोंडाशी त्याची लाकडी खोली होती. तिथे तो काठ्या दुरुस्त करी आणि ज्यांचे चेंडू भरकटतात त्यांचे हात धरून त्यांना शिकवी. मी त्याचा जुना शिष्य, आणि बहुधा सर्वांत वाईट. जन्मभर शाळेत पदार्थविज्ञान शिकवले. पण माझा चेंडू बरा निघायचा आणि अर्ध्या वाटेत उजवीकडे वळून समुद्रात जायचा. गावातल्या निम्म्या लोकांचे दुखणे हेच होते.

मग एका शनिवारी उत्तरेकडच्या बेटांवरून मॅग्नस टुलॉक आला. हेरिंग मासळीच्या रिकाम्या पिंपावर उभा राहिला. हातात भोक पडलेले दगड, दोऱ्यात ओवलेले. अर्धे गाव भोवती जमले.

"चेंडू वळत नाही, बाबांनो," तो हलक्या आवाजात म्हणाला. "चेंडू ओढला जातो. समुद्रात जे बुडाले, त्यांची ओढ असते ती. हा दगड ती ओढ पिऊन टाकतो."

आमचे गाव मच्छीमारांचे. ज्यांच्या घरातले कुणीच बुडाले नाही अशी घरे थोडी. कोणी हसले नाही.

त्याने एकेकाला चेंडू मारायला लावले. चेंडू समुद्राकडे वळला की तो खिन्नपणे मान हलवी आणि गळ्यात दगड बांधी. रविवारी आमच्याकडे कोणी काठीला हात लावत नाही. टुलॉक सांगे, देवाच्या दिवशी दगडालाही विसावा हवा, त्याला गळ्यातच राहू द्या, सोमवारी या. सोमवारी लोक आले, त्यांनी चेंडू मारले, आणि ते सरळ गेले. खाटकाचा गेला, पाद्रीबुवांचा गेला, माझाही गेला. कुणीतरी म्हणाले की आज वाराच बरा असेल. टुलॉक शांतपणे म्हणाला, "वारा? तो तर शनिवारीही हाच होता." ते खरेच होते.

मग त्याने मला पिंपावर चढवले. विज्ञानाच्या मास्तरांनीच बोलावे, म्हणाला. चारचौघांत माझ्या तोंडून कधी शब्द फुटत नाही, पण त्या दिवशी फुटला. मी म्हणालो, "इम्रीला इतक्या वर्षांत जमलं नाही, ते या दगडाने दोन दिवसांत केलं." इम्री आपल्या खोलीच्या दारात उभा होता. हातातली काठी त्याने भिंतीला टेकवली आणि तो आत गेला.

महिन्याभरात मैदानाच्या समितीने इम्रीची खोली टुलॉकला वापरायला दिली. इम्री आर्ब्रोथ गावी बहिणीकडे राहायला गेला. तिथूनच त्याचे पत्र आले.

एक आठवडा चेंडू सरळ जात, पुढच्या आठवड्यात पुन्हा वळत. टुलॉकपाशी कारण तयार असे. दगड काढून आंघोळ केली असेल. घरात भांडण झाले असेल. आमच्या गावात कुणाच्या घरात भांडण होत नाही? लोक शरमून कबूल करीत, आणि शनिवारी पैसे मोजून दगड पुन्हा 'भरून' घेत. सोमवारी चेंडू सरळ.

अशाच एका सोमवारी माझा दगड घरी, दाढीच्या वाटीशेजारी राहिला. हे लक्षात आले तेव्हा चेंडू मारून झाला होता, आणि तो सरळ गेला होता.

मुलांना मी आयुष्यभर सांगत आलो की एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहा. ते आता स्वतः केले. दगड घालून मारला, काढून मारला. काही फरक नाही. मग आहे तिथेच पाठमोरा झालो आणि उलट दिशेने मारला. चेंडू थेट समुद्रात.

आमच्या मैदानावर एक आठवडा उत्तरेकडे खेळतात, दुसरा दक्षिणेकडे, म्हणजे गवताला एकाच जागी मार बसत नाही. दिशा सोमवारी बदलते. आम्हाला हे इतके अंगवळणी पडले आहे की त्याचा कोणी विचारही करीत नाही. समुद्र मैदानाच्या पूर्वेला, आणि उन्हाळाभर वारा पश्चिमेचा. उत्तरेकडे मारताना तो डावीकडून येतो आणि वळणाऱ्या चेंडूला समुद्राकडे ढकलतो. दक्षिणेकडे मारताना तोच उजवीकडून येतो आणि चेंडूला सावरून धरतो. टुलॉक आम्हाला आमचाच वारा विकत होता.

हे कळूनही मी गप्प राहिलो. पिंपावर चढून बोललेले शब्द कुठल्या तोंडाने मागे घ्यायचे? पण समिती ती खोली टुलॉकला कायमची देणार, असे कानावर आले. तसे झाले असते तर इम्रीला परत यायला जागाच उरली नसती.

मग खेळ पुन्हा दक्षिणेकडे फिरला त्या सोमवारी मी टुलॉकभोवतीच्या गर्दीत घुसलो. गौरलेबाई, आमच्या बेकरीवाल्या, नुकताच सरळ चेंडू मारून टाळ्या घेत होत्या.

"बाई, जरा तोंड फिरवा आणि उत्तरेकडे मारा," मी म्हणालो. "दगड गळ्यातच असू द्या."

"मास्तर, पाव जळतोय माझा तिकडे."

"एकच."

त्यांनी मारला. चेंडू समुद्रात गेला. टुलॉक म्हणाला, मास्तरांच्या संशयाने दगड विटाळला.

"मग बाई, तो विटाळलेला दगड माझ्याकडे द्या," मी म्हणालो, "आणि आता पुन्हा दक्षिणेकडे मारा."

चेंडू सरळ गेला. गौरलेबाईंनी माझ्या हातातल्या दगडाकडे बोट दाखवले. "मास्तर," त्या म्हणाल्या, "मी हा तुमच्या शब्दावर घेतला होता. याच्या नाही."

जे येत होते ते सांगितले. काठीचा चेहरा, म्हणजे चेंडूला लागणारी सपाट बाजू, जिकडे पाहतो, साधारण तिकडे चेंडू निघतो. पण काठी त्या रेषेने न जाता बाहेरून आत, आपल्या पोटाकडे ओढली गेली, तर चेंडूला तिरकी गिरकी बसते आणि तो उजवीकडे वळतो. समुद्राच्या भीतीने आपण खांदे आणखी डावीकडे वळवतो. त्याने काठी आणखी आडवी जाते, चेंडू आणखी वळतो. इम्री हेच सांगायचा. वरून पाहिल्यावर डाव्या मुठीवरचे दोन उंचवटे दिसतील अशी काठी धरा, आणि समुद्र शेजारी असला तरी खांदे निशाणाच्या रेषेत ठेवा. त्याला सराव लागतो आणि धीर लागतो. दगडाला काहीच लागत नाही, म्हणून तो आम्हाला आवडला.

टुलॉक दुपारच्या बसने गेला. कोणी त्याला अडवले नाही. सगळे आपापल्या गळ्यातले दोरे सोडण्यात गुंतले होते, एकमेकांकडे न पाहता.

तेव्हा वाचकहो, चमत्कार दिसला तर हरखून जरूर जा, पण आणखी काय बदलले होते तेही विचारा. आणि शिकलेला माणूस ग्वाही देतो म्हणून विश्वास ठेवू नका. तो शिकलेला माणूस मी होतो.

त्या संध्याकाळी मी अनेक कागद फाडले. शेवटी एवढेच उरले: "इम्री, तुम्ही बरोबर शिकवत होता. मी ऐकलं नाही, आणि गावासमोर खोटं बोललो. आज गावासमोरच ते परत घेतलं. खोली रिकामी आहे. आलात तर पहिला शिष्य मी असेन. नाही आलात तरी तुमचं चुकलं असं मी म्हणणार नाही."

पाकीट टपालपेटीत पडल्याचा आवाज आला, तरी मी थोडा वेळ तिथेच उभा होतो.