दाराबाहेरचा थर्मास

“एकटीने तान्ह्या बाळाचे दिवस काढू नकोस, सुमे. मी काढलेत, म्हणून सांगते,” आई पुण्याहून फोनवर म्हणाली होती. सुमेधाला तेव्हा सातवा महिना होता.

“अगं आई, ते चीन होतं, आणि शहाण्णव साल होतं. इथे नर्स घरी येते. शिवाय तू रोज व्हिडिओ कॉलवर आहेसच की.”

सासूबाई यायला तयार होत्या. त्यांनाही सुमेधाने गोड बोलून थांबवलं. फोन ठेवल्यावर नवऱ्याला, यतिनला, म्हणाली, “आईला सर्दी झाली तरी ती चीन काढते.”

तसं ते चीन घरात सगळ्यांना पाठ होतं. सुमेधा तीन महिन्यांची असताना बाबांच्या कंपनीने त्यांना वूशी नावाच्या शहरात मशिनं उभी करायला पाठवलं. कारखान्यामागच्या चाळीसारख्या तीन मजली इमारतीत त्यांना एक खोली मिळाली. पिण्याचं पाणी उकळून खालच्या बॉयलरच्या खोलीत मिळायचं, आणि सकाळी प्रत्येक बाई आपापले थर्मास घेऊन खाली जायची. शेजारची लूताई जाता जाता आईचाही दाराबाहेरचा थर्मास उचलून भरून आणायची. हे ‘ताई’ आईनेच जोडलेलं. पहिल्या आठवड्यात आईला वाटलं, बाई थर्मास पळवते आहे. बाबा हा किस्सा दर दिवाळीला सांगत, आणि शेवट असा करत, “पुढे एकदा हिने थर्मास आत ठेवला, तर ती बया कुलूप तोडून न्यायला आली.” सगळे हसत. आईही हसायची.

ओवी झाली. नर्स खरंच घरी आली, दोनदा. नंतर वेरिबी या त्यांच्या उपनगरातल्या मुलांच्या दवाखान्यात दहा प्रश्नांचा कागद मिळाला. गेल्या सात दिवसांत तुम्हाला हसू आलं का, रडू आलं का, असले प्रश्न. सुमेधाने दोन मिनिटांत सगळ्या बऱ्या दिसणाऱ्या खुणा केल्या. कॉलेजात असल्यापासून फॉर्म भरण्यात ती हुशार. शेजारच्या खुर्चीत पिवळी बाबागाडी घेऊन बसलेली एक मुलगीही तितक्याच भराभर खुणा करत होती आणि खांद्यावर फोन धरून मराठीत म्हणत होती, “हो गं, सगळं मस्त चाललंय.” सुमेधाने तिच्याकडे पाहिलं. तिनेही पाहिलं. मग दोघींनी आपापले कागद काउंटरवर दिले आणि दोन वाटांनी गेल्या.

वाईट काही वाटत नव्हतं, हाच घोटाळा होता. काहीच वाटत नव्हतं. यतिन पावणेसातच्या ट्रेनने सिटीत जायचा, संध्याकाळी येऊन ओवीला अंघोळ घालायचा. त्याला विचारायला सुचायचं ते एवढंच, “झोपली का ती?” सुमेधा ओवीच्या श्वासांवर लक्ष ठेवायची, दुधाचं तापमान तीन-तीनदा बघायची, दारं-खिडक्या तपासायची. काळजी होती तशीच होती. तिच्याखाली जे असायला हवं ते सापडत नव्हतं.

ओवी पाच महिन्यांची झाल्यावर आई आली. तीन महिने राहिली, मागच्या अंगणात दुपटी वाळत घालायची आणि वाऱ्याला शिव्या द्यायची. “हे काय गाव आहे? चिमटा लावला तर चिमट्यासकट उडतं.” शेजारच्या गल्लीतल्या लीनाशी तिने मैत्रीही जमवली. लीना वृद्धाश्रमात शिफ्ट करते, मूळची साताऱ्याची. जायची वेळ आली तेव्हा आई म्हणाली, “परतताना वूशीला दोन दिवस थांबणार आहे. तुझे बाबा गेले, आता मला तिथे नेणारं कोण? तू चल.”

नाही म्हणायला कारणं द्यावी लागली असती. ओवीला घेऊन सुमेधा गेली.

शांघायहून वूशीला पाऊण तासात पोचल्या. आई खिडकीला नाक लावून बसली होती. “पूर्वी अडीच तास लागायचे, आणि सगळ्यांच्या मांडीवर कोंबड्या.” बाहेर एकामागून एक उंच इमारती सरकत होत्या.

हॉटेलातल्या मुलाने फोनवर जुना पत्ता शोधून दिला. तिथे ना कारखाना होता, ना चाळ. तीसेक मजल्यांचे सहा टॉवर, मध्ये कापलेली हिरवळ, फाटकावर चेहरा बघून उघडणारं दार. आई फुटपाथवर बराच वेळ उभी राहिली. मग रस्त्याकडेच्या झाडाचं एक पान चुरगाळून तिने सुमेधाच्या नाकाशी धरलं. कापराचा वास आला.

“झाडं तीच आहेत,” आई म्हणाली. “म्हणजे बॉयलरची खोली इथे.”

तिथे पार्सल ठेवायच्या कपाटांची भिंत होती. एक बाई आली, तिने फोन दाखवला, एक कप्पा आपोआप उघडला, ती खोकं घेऊन गेली. मागून एक स्कूटर आवाज न करता निघून गेली.

“सायकलींच्या घंटा किती असायच्या,” आई म्हणाली. “डोकं उठायचं. आता एकही नाही.” मग कपाटांकडेच बघत म्हणाली, “कुलूप तोडलं नव्हतं तिने. वॉचमनकडून किल्ली आणली होती.”

“कुणी? लूताईने?”

“थर्मास न्यायला कोण दार उघडतं, सुमे? तुझे बाबा रंगवून सांगायचे. मी दोन दिवस तो बाहेर ठेवलाच नव्हता. ते कारखान्यात, मशीन चालू होईना म्हणून तिकडेच झोपत होते. मला उठावंसं वाटेना. तू रडत होतीस, मला ऐकू येत होतं. पण शेजारच्या घरातलं मूल रडतंय, असं.”

ओवी बाबागाडीत पाय हलवत होती.

“तिने तुला उचललं, तांदळाची पेज शिजवली. मला ओरडली नाही. तिचं बोलणं मला कळत नव्हतं आणि माझं तिला, बरंच झालं. पुढे दीड महिना रोज येऊन बसायची.”

सुमेधाला म्हणायचं होतं, मला पण. शेजारच्या घरातलं मूल, अगदी तसंच. शब्द तयार होते. ती म्हणाली, “आई, तिची टोपी डोळ्यांवर आलीय बघ.”

आईने टोपी सरळ केली. तिची नजर मात्र सुमेधावर होती.

लूताईबद्दल फाटकावरच्या माणसाला फोनवरच्या भाषांतरातून विचारलं. त्याने नम्रपणे मान हलवली. तो स्वतःच पंचविशीचा होता.

दुसऱ्या दिवशी स्टेशनवर आईला उकळत्या पाण्याचा नळ दिसला आणि तेवढ्यापुरती ती खुलली. “हे ठेवलंय हो यांनी.” लोक रांगेत येऊन आपापली बाटली भरत, झाकण लावत, पिशवीत टाकत. प्रत्येकाचं पाणी प्रत्येकाजवळ. आईने स्टेशनातल्या दुकानातून एक स्टीलचा थर्मास घेतला आणि सुमेधाच्या पिशवीत घातला. “रोज सकाळी भरून पुढच्या दाराच्या पायरीवर ठेवायचा, आणि मला फोटो पाठवायचा. हसण्यावारी नेऊ नकोस.”

“बरं.”

वेरिबीत परतल्यावर पहिल्या सकाळी सुमेधाने थर्मास पायरीवर ठेवला आणि एकदमच सहा फोटो काढले. थोडे डावीकडून, थोडे उजवीकडून. पुढच्या पाच दिवसांची सोय झाली. रोज दुपारी एकेक पाठवायचा, पुण्यात तेव्हा सकाळ असते. आईचा अंगठा यायचा.

चौथ्या दिवशी फोटो पाठवून सुमेधा वॉशिंग मशीनसमोर लादीवर बसली. कपडे फिरत होते. आत ओवी रडत होती. सुमेधाला ते ऐकू येत होतं. मशीन थांबलं, तरी ती बसून होती.

दार वाजलं. मग परत. मग तळहाताने, धडाधड.

“सुमेधा, उघड. मी हलणार नाहीये,” बाहेरून लीना म्हणाली. “शिफ्ट अडीचला आहे, पण फोन करून सांगितलंय, उशीर होईल. बसते मी इथेच पायरीवर.”

सुमेधाने दार उघडलं. लीना वृद्धाश्रमाच्या निळ्या शर्टात होती. तिने सुमेधाकडे एकदा बघितलं आणि सरळ आत जाऊन ओवीला उचललं.

“भिजलीय गं ही पार,” ती म्हणाली. “नॅपी कुठेयत? तू बस. काकूंनी बजावलंय, आधी पाणी गरम करायचं, मग बोलायचं.”

“आईने पाठवलं तुला?”

“फोन नको करूस म्हणाल्या, दार वाजव. फोनवर ती ‘मस्त’ म्हणेल.”

“पण मी फोटो पाठवत होते.”

“त्या फोटोंत पायरीवर पिझ्झाची जाहिरात पडलीय ना? चारही दिवस तिथेच, तश्शीच दुमडलेली. काकू म्हणाल्या, वेरिबीत कागद चार दिवस एका जागी राहिला तर मी नाव बदलीन.”

सुमेधाला हसू यायला हवं होतं. आलं नाही, पण यायला हवं होतं हे कळलं. ती ओट्याला धरून उभी राहिली आणि म्हणाली, “लीना, मला काही वाटत नाही. कशाचंच. ती रडते, तरीसुद्धा.”

“किती दिवस?”

“ती झाल्यापासून.”

लीनाने मान डोलावली, एखाद्या आजीने पाठ दुखते म्हटल्यावर डोलवावी तशी. “उद्या नऊला जीपीकडे, आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडे. गाडी मी आणते. आज यतिनला लवकर बोलव, तू नाही तर मी बोलवते.” केटल उकळली. लीनाने पायरीवरचा थर्मास आत आणला आणि झाकण काढलं. तो रिकामाच होता. तिने तो धुऊन भरला.

याला आता दोन महिने झाले. गोळ्या चालू आहेत, सासूबाई आल्या आहेत. परवा ओवी शिंकली आणि स्वतःच दचकली, तेव्हा सुमेधाच्या आत कुठेतरी थोडंसं काही हललं. फार नाही. थर्मास रोज बाहेर असतो, आणि लीना शिफ्टला जाताना त्याला टिचकी मारून बघते.

त्या दवाखान्यात सुमेधा तीनदा जाऊन बसली. पिवळी बाबागाडी दिसली नाही. रिसेप्शनवर अर्थातच नाव सांगत नाहीत. म्हणून सुमेधा हे वाचणाऱ्या तुम्हालाच विचारते आहे. पंचवीस-सव्वीसची मुलगी आहे, चष्मा, केस आखूड, बोलणं नाशिककडचं वाटलं. बाळ आता साधारण दहा महिन्यांचं असेल. तुमच्या गल्लीत असेल, तुमची कुणी लागत असेल, तर आजच जाऊन या. फोन नका करू, ती मस्त म्हणेल. दार वाजवा.