हात धुवायला गेल्यात

'कोपरा' बंद झालं तेव्हा घरात कुणाचं कुणाशी भांडण चालू नव्हतं. त्यामुळे आपलं काय गेलं हे कुणाच्या लक्षातच आलं नाही.

पाटीवर हॉटेलचं नाव चांगलं लांबलचक होतं. पण ते कोपऱ्यावर होतं म्हणून सगळे त्याला 'कोपरा'च म्हणत. लोक डोकं उगाच खर्च करत नाहीत. हिरव्या रेक्झिनच्या खुर्च्या, ओढल्याशिवाय न उघडणारं आणि ढकलल्याशिवाय बंद न होणारं दार, आणि टोमॅटोचं सूप, ज्यात आचारी काळी मिरी अशी घालायचा जणू कुणाचा सूड घेतोय. भोंगा अक्षरं ओळखायला शिकली ती तिथेच. काचेवरचं नाव तिने आतून, उलटं वाचलं होतं. पहिलीत गेल्यावर अक्षरं सुलट निघाली तेव्हा तिने बाईंशी वाद घातला होता.

भोंगा हे काही तिचं शाळेतलं नाव नव्हे. पण ती कुजबुजली तरी शेजारच्या वर्गाला कळायचं. पूर्वी तिला याची लाज वाटे. यंदा वादविवाद स्पर्धेत माइक बंद पडला आणि ती तशीच बोलत राहून ढाल घेऊन आली. तेव्हापासून लाज गेली ती गेलीच.

तर, घरातली भांडणं. बाबा बुकबाइंडर. आत्या, म्हणजे बाबांची थोरली बहीण, हॉस्पिटलात नर्स. राहायची पलीकडच्या गल्लीत. दोघांच्याही नाकावर माशी बसत नसे. भांडण झालं की महिना महिना अबोला, आणि मग एखाद्या शनिवारी चार वाजता 'कोपऱ्या'त, सात नंबरच्या टेबलावर, एक बाऊल सूप आणि दोन चमचे. झालं. मिटलं. नियम एकच: जो आधी येऊन बसेल त्याने हार मानली. आणि नवल असं की गेली वीस वर्षं बाबा म्हणायचे, दर वेळी ताईच आधी येते. आणि आत्या म्हणायची, दर वेळी बाळ्याच.

यंदा आत्याने लांबच्या गावी बदली मागून घेतली, आणि बाबांना ते कळलं कुणाकडून, तर इस्त्रीवाल्याकडून.

"इस्त्रीवाल्याला ठाऊक, सख्ख्या भावाला नाही!" बाबा म्हणाले. "जा म्हणावं. खुशाल जा."

पाच आठवडे झाले. रविवारी सकाळी आत्याची गाडी होती. शुक्रवार उजाडला तरी दोघं गप्प. आई म्हणाली, "मी मध्ये पडले की दोघं मिळून माझ्यावरच येतात. मी आपली हाताची घडी, तोंडावर बोट."

भोंगाचा जीव मात्र वरखाली होत होता. असं न बोलता आत्या गेली तर? दोघांचे स्वभाव बघता दहा वर्षंसुद्धा बोलणार नाहीत. आणि आत्या नसलेल्या दहा वर्षांचा विचार तिला करवेना.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर चष्म्याचा स्क्रू पडला. भोंगा दांडी हातात धरून चष्म्याच्या दुकानात शिरली. हे दुकान म्हणजेच पूर्वीचा 'कोपरा'. एरवी ती तिथून मान वळवूनच जायची. आत सगळीकडे आरसे, पांढरे दिवे. फक्त फरशी जुनीच होती. जिथे सात नंबर होतं तिथे टेबलाच्या पायांचे चार गोल डाग अजून होते. तिने कुणी बघत नाहीसं पाहून एका डागावर बूट ठेवला.

"काही हरवलंय का?" चष्मेवाल्याने विचारलं. तरुण होता, टाय बारीक होता. "सगळे तिथेच काय बघतात कळत नाही. एक गृहस्थ आहेत, बोटांना खळ लागलेली असते. दर शनिवारी चारला बाहेरून काचेला नाक लावतात आणि निघून जातात. साडेचारला एक बाई येतात, त्याही तसंच. एकदा वाटलं, दुकान फोडायचा बेत आहे की काय यांचा!"

भोंगाच्या हातातली दांडी खाली पडली.

दोघंही येत होते! पाचही शनिवार! आणि आत दुसरं कुणी बसलेलं नाही हे पाहून परत जात होते.

मग पूर्वी हे जमायचं कसं? याचं उत्तर एकच माणूस देऊ शकत होता. 'कोपऱ्या'चा वेटर. पांढरा कोट आणि सोनेरी बटणं म्हणून त्याला सगळे कप्तान म्हणत. गुडघ्यांनी दगा दिला आणि मालकही थकले, तेव्हा हॉटेल बंद झालं. आता तो लेकीकडे राहायचा. भोंगा धावतच गेली. कप्तान गॅलरीत बसला होता, खांद्यावर नॅपकिन.

"बस. काय घेणार?" तो सवयीने म्हणाला, आणि मग स्वतःच ओशाळला. "म्हणजे, पाणी आहे."

तिने सगळं सांगितलं. कप्तान हसायला लागला, आणि हसता हसता त्याने नॅपकिनने डोळे पुसले.

"अगं, खोटं बोलायचो मी. धडधडीत खोटं. चारला गल्ल्यावरून दोघांना फोन करायचो. तुझ्या बाबांना सांगायचो, ताई येऊन बसल्यात. ताईंना सांगायचो, धाकटे येऊन बसलेत."

"आणि आल्यावर? टेबल रिकामं दिसायचं ना!"

"जो आधी येईल त्याला म्हणायचं, हात धुवायला गेल्यात. ताई नर्स, दिवसातून शंभरदा हात धुणार. बाबांच्या बोटांना खळ. दोघांनाही पटायचं. मग त्याला दाराकडे पाठ करून बसवायचं. मागून दुसरा आला की याला वाटतं तो हात धुवून आला, आणि त्याला दिसतं हा आधीपासून बसलाय. दोघंही जिंकले. मी सूप आणायला मोकळा."

"वीस वर्षं?"

"बावीस," कप्तान म्हणाला. मग नॅपकिनची घडी घालत, "मला कुणी सांगितलं नाही गं, की हे पुढे कोण करणार म्हणून."

शनिवारी चारला पाच मिनिटं कमी असताना भोंगाने दोन फोन केले. आयुष्यात पहिल्यांदा ती हळू आवाजात बोलली. चष्मेवाल्याला आधीच पटवलं होतं. त्याने सात नंबरच्या जागी लाकडी बाक ठेवू दिला. "पण गिऱ्हाईक आलं की उठायचं," ही अट. आईने काही न विचारता थर्मासमध्ये सूप भरून दिलं होतं. दोन चमचे तिने स्वतःच काढून ठेवले होते.

बाबा आधी आले. "ताई कुठाय?"

"आत. डोळे तपासायला गेलीय," भोंगाने काळ्या पडद्याकडे बोट दाखवलं आणि बाबांना दाराकडे पाठ करून बाकावर बसवलं.

आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं की कप्तानच्या हॉटेलात आरसे नव्हते.

इथे समोर आरसा, बाजूला आरसा, तिरका आरसा. दार उघडलं. सात आरशांमधून सात आत्या रस्त्यावरून घाम पुसत आत आल्या. बाबांनी त्या बघितल्या. नीट बघितल्या. भोंगाने डोळे मिटून घेतले. संपलं सगळं, माझ्याच हाताने संपलं.

आत्या बाकापाशी येऊन उभी राहिली. चष्मेवाला एकच काच पुसत राहिला.

"झाले का हात धुवून?" बाबांनी विचारलं.

भोंगाने एक डोळा उघडला.

"हो," आत्या म्हणाली आणि बाकावर टेकली. "साबण मेला फेसाळतच नव्हता."

"तुम्हाला माहीत होतं!" भोंगा किंचाळली, तिच्या नेहमीच्या आवाजात. चष्मेवाल्याच्या हातातली काच निसटता निसटता राहिली.

"हळू गं बाई," आत्या म्हणाली. "याच्या बोटांना खळ तशीच असायची. हात धुवून आलेला माणूस म्हणे!"

"आणि हिला धाप लागलेली असायची," बाबा म्हणाले. "बेसिनपर्यंत जाऊन येताना?"

"मग बोलला का नाहीत कधी?"

"बोललो असतो," बाबा म्हणाले, "तर आधी कोण आलं ते ठरवावं लागलं असतं."

भोंगाने थर्मास उघडला. वाफेने दोन आरसे धूसर झाले. एक बाऊल, दोन चमचे. दोघांनी एकेक घोट घेतला.

"मिरी कमी आहे," बाबा म्हणाले.

"फारच कमी," आत्या म्हणाली. पाच आठवड्यांत दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं. "आठवतं, ठसका लागून तुझं सूप एकदा कप्तानच्या कोटावर?"

"ते इथलं शेवटचं जेवण आहे, हे माहीत असतं तर मी त्या दिवशी सूप परत पाठवलं नसतं गं, ताई. तिखट म्हणून परत पाठवलं मी."

आत्या चमचा फिरवत राहिली. "मी सांगणार होते तुला. बदलीचा फॉर्म दोन महिने पर्समध्ये घेऊन फिरत होते. पण घरी सांगायला जमेना. तूच बघ, घरी मी कधी काय सांगितलंय तुला? नोकरी लागली ते इथे सांगितलं. लग्न करणार नाही तेही इथेच. हे कुठे सांगू तेच कळेना."

बाबांनी बूट पुढे सरकवला. फरशीवरच्या एका डागावर बरोबर नेऊन ठेवला. "जाच तू," ते म्हणाले. पण हे त्या दिवशीच्या 'खुशाल जा'सारखं अजिबात नव्हतं.

तेवढ्यात खरं गिऱ्हाईक आलं आणि तिघांना उठावं लागलं.

रविवारी आत्या गेली. बाबांनी तिची बॅग दोन वेळा उतरवून पुन्हा नीट ठेवली. गाडी वळल्यावरसुद्धा ते बराच वेळ तिथेच उभे होते.

पुढच्या शनिवारी चार वाजता बाबा स्वयंपाकघरातल्या टेबलाशी उगाचच बसले होते. ना काम, ना पेपर. आईने गॅसवर सूप ठेवलं होतं आणि मिरीची बाटली जवळपास उपडी केली होती. भोंगाने थोडा विचार केला, आणि आतल्या खोलीत जाऊन फोन लावला.

"आत्या," ती म्हणाली, "बाबा येऊन बसलेत."

पलीकडे हॉस्पिटलचा गलबला ऐकू येत होता. कुणीतरी कुणाला तरी हाक मारत होतं.

"सांग त्याला," आत्या म्हणाली, "मी हात धुवायला गेलेय. आलेच."

भोंगा बाहेर आली आणि तिने निरोप सांगितला. तिला वाटलं होतं बाबा हसतील. बाबा उठले. त्यांनी खुर्ची उचलली, दाराकडे पाठ होईल अशी फिरवून ठेवली, आणि परत बसले.

"दोन चमचे आण," ते म्हणाले.