खंडेनवमीला पोटात गेलेली अक्षता

मित्रांनो, मी मोटारसायकलचं एक जुनं इंजिन आहे आणि स्वभावाने अगदी भित्रा आहे. माझा आवाज ऐकून गल्लीतली कुत्री पळायची, पण समोर खड्डा दिसला की मीच आचके द्यायचो.

माझे मालक चिंतामणीकाका अंबरनाथच्या एका कारखान्यात अधिकारी होते. बदलापूरच्या शिरगावातून मी त्यांना रोज कामावर न्यायचो. सोमवारी त्यांच्या पत्नी उमाकाकू मागे बसून शिवमंदिरात यायच्या. "याने कधी दगा दिला नाही," असं काका शेजाऱ्यांना सांगत, तेव्हा मला फार बरं वाटे. दसरा आला की ते घाईघाईने माझ्या तेलकट अंगावरच चंदेरी रंगाचा हात मारत आणि काकू हळदकुंकू, अक्षता वाहत. दिवाळीपर्यंत त्या रंगाचे पोपडे निघायचे.

काका निवृत्त झाले आणि मी इमारतीखाली उभा राहिलो तो राहिलोच. कोणी ढुंकूनही पाहीना. गेल्या वर्षी मात्र काकूंनी हट्ट धरला, "मला परत गाडीवरूनच देवळात जायचंय." म्हणून गाडीतून उतरवून माझी रवानगी उल्हासनगरला, अल्पेशच्या वर्कशॉपमध्ये झाली.

"काका, तेलावर रंग बसतच नाय," अल्पेश म्हणाला. "आधी सगळं धुवायचं, मग वाळू मारून जुना रंग काढायचा. नवीन रंग लावला की भट्टीत भाजायचा. मग टिकतो."

भट्टी हा शब्द ऐकूनच मी गारठलो. पण खरी भीती वाळूची होती. तेलाच्या वाटेत वाळू अडकली, तर आतल्या भागांना तेल मिळत नाही. मग धावत्या गाडीत मी जाम होणार आणि मागे बसलेल्या काकूंना घेऊन गाडी कोसळणार. अल्पेशने माझी भोकं रबराच्या बुचांनी बंद केली आणि वाळूचा मारा सुरू केला. अंगाची नुसती आग झाली. नंतर बुचं काढून त्याने मला धुतलं, हवा मारली आणि वाळत ठेवलं. मी उघडाबोडका, लख्ख आणि घाबरलेला पडून होतो.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. अल्पेशने हत्यारांची पूजा केली आणि हवा मारायच्या मशीनला झेंडूचा हार घातला. काका-काकूही तबक घेऊन आले. इतक्या वर्षांची माझी पूजा काकू कशा चुकवतील? त्यांनी मला कुंकू लावलं आणि अक्षता वाहिल्या. त्यातला एक तांदूळ गडगडत तेलाच्या भोकातून थेट आत गेला.

मला ओरडता आलं असतं तर!

"कुंकू थिनरने पुसतो मी," अल्पेश म्हणाला. "आणि धूळ नको जायला, म्हणून भोकांवर टेप लावून ठेवतो. रंगाचं दसऱ्यानंतर बघू."

टेप माझ्या तोंडाशी आली. तेवढ्यात काकू हळूच म्हणाल्या, "अल्पेश, थांब. एक दाणा आत गेला असेल रे. मला नक्की नाही सांगता येत."

"अगं, एका तांदळाने काय होतंय?" काका हसले.

"काकू, हवा मारून बघावं लागेल, पण आज मशीन नाय चालवत आपण." अल्पेश म्हणाला. " पूजा झालीय तिची."

काकूंचा चेहरा पडला, पण त्यांनी भोकावर तळहात ठेवला. "मग परवा कर. मी परत येईन. पण आत बघितल्याशिवाय हे बंद करू नकोस."

अल्पेशने टेप बाजूला ठेवली. मग त्याने मशीनला हात जोडले, हार अलगद काढून ठेवला आणि हवा सोडली. पिवळा तांदूळ टुणकन बाहेर उडाला. त्याच्या मागून चिमूटभर वाळू आली.

अल्पेशने ती वाळू बोटाने चाचपून पाहिली. "मी तर साफ झालं म्हणून सोडलं होतं, काकू," तो म्हणाला आणि त्याने मला पुन्हा धुवायला घेतलं.

मित्रांनो, आता माझा राखाडी रंग पक्का बसला आहे. भट्टीतही मी भीत भीत का होईना, तग धरला. तुम्ही आम्हाला वरवर चकाकवू नका, आतूनही जपा. आणि हातून काही चुकल्याची नुसती शंका आली, तरी लगेच बोला, कारण आम्हाला बोलता येत नाही.

यंदाही काकूंनी माझी पूजा केली. आधी वाकून सगळी भोकं बंद आहेत ना, ते पाहिलं आणि मगच अक्षता वाहिल्या. मग त्या मागे बसल्या आणि आम्ही देवळाकडे निघालो.